दरड, म्हसोबा आणि वाढीव खोली : कळव्यातलं एक प्रकरण

ठाण्याजवळ, कळवा पूर्वेला पारसिक डोंगराच्या उतारावर चढत गेलेली एक बैठी चाळ. जुलैतल्या एका रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला तिथे दरड आली. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. मुरूम, माती आणि त्यात रुतलेले दोन मोठे धोंडे सुटले, वरच्या ओळीतल्या एका खोलीचा कोपरा घेऊन खाली आले आणि खालच्या ओळीतल्या खोलीची मागची भिंत त्यांनी आत ढकलली. त्या खोलीत तिघं झोपले होते. सासू आणि दहा वर्षांचा नातू वाचले. सून गेली. तिचा नवरा त्या रात्री महापेला कंपनीत रात्रपाळीवर होता.

पेपरात ही बातमी चार ओळींची होती. मला लिहायचं आहे ते पुढच्या वर्षभराबद्दल. दरड का आली, या प्रश्नावरून त्या चाळीत जे काही झालं त्यात एक कुटुंब घर सोडून गेलं. आपत्तीनंतर मानसिक आधाराचं काम करणाऱ्या एका स्थानिक गटाबरोबर मी तिथे जात होते. कुणाची ओळख पटू नये म्हणून नाती, वयं आणि काही खुणा बदलल्या आहेत, वर्षही सांगत नाही. माणसांची वाक्यं मात्र होता होईल तो त्यांचीच ठेवली आहेत.

जागा

पारसिकच्या पोटातून १९१६ सालापासून रेल्वेचा बोगदा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यातून धडधडत जातात आणि वर, उतारावर, वस्ती आहे. डोंगर आपल्या सह्याद्रीसारखाच काळ्या बसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. वरचा भाग मात्र हजारो पावसाळ्यांनी कुजवून मुरूम आणि चिकणमाती करून टाकलेला. ठाण्याला पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा जुलैचा. दरवर्षी मे महिन्यात उतारावरच्या घरांना ‘जागा धोकादायक आहे, स्थलांतर करा’ अशी नोटीस येते. बहुतेक घरांत ती वीजबिलाच्या पिशवीत, गेल्या वर्षीच्या नोटिशीच्या वर, घडी घालून ठेवलेली सापडते. जायचं कुठे आणि भाडं कुठून आणायचं, याचं उत्तर नोटिशीत नसतं.

या चाळीच्या वरच्या अंगाला, शेवटच्या ओळीच्या मागे, डोंगरातच एक नैसर्गिक ओटा होता. त्यावर करंजाचं जुनं झाड आणि झाडाखाली गुडघाभर उंचीचा शेंदूर माखलेला दगड. म्हसोबा. चाळ नव्हती तेव्हापासूनचा, असं सगळे सांगतात. दरडीच्या आदल्या वर्षी वरच्या ओळीतल्या एका कुटुंबाने मागे वाढीव खोली काढली. घरातले दादा रिक्षा चालवतात, दोन मुली मोठ्या होत होत्या, पडदा लावून भागत नव्हतं. म्हसोबाला त्यांनी नारळ फोडून, कोंबडं देऊन दहा-बारा पावलं बाजूला नेलं. चोरून नेलं नाही. सगळ्या चाळीला त्या रात्री जेवण होतं आणि सगळी चाळ जेवली होती. मग मुकादमाने ओटा खणून सपाट केला, करंज तोडला, निघालेली माती आणि राडारोडा उताराच्या कडेला लोटला.

हा मजकूर मी आत्ता सलग लिहिला तेव्हा त्यात एक गोष्ट आपोआप तयार झाली: देव हलवला, झाड तोडलं, दरड आली. चाळीतल्या माणसांच्या डोक्यात ती याहून लवकर तयार झाली यात नवल नाही.

लोक काय म्हणाले

पहिल्या एक-दोन दिवसांत ‘का’ असं कुणी विचारलं नाही. माती उपसणं, कळव्याच्या रुग्णालयातून मृतदेह मिळवणं, नातेवाइकांना कळवणं, शाळेच्या हॉलमध्ये झोपायची सोय. ‘का’ आला तो नंतर, सुतकात. माणसं रिकामी बसून होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक कारण ठेवून जात होता.

सासूबाईंना, चाळीत सगळे त्यांना माई म्हणतात, भेटायला आलेल्या बाया म्हणत, “काळ आला होता पण वेळ आली नव्हती हो तुमची.” आणि त्याच श्वासात सुनेबद्दल, “तिची वेळ भरली होती.” म्हण अशी की वाचलेल्यालाही लागू आणि गेलेल्यालाही. कुणी म्हणालं, अवस दोन दिवसांवर होती. भजनी मंडळातले एक बुवा म्हणाले, डोंगर आता माणसाला कंटाळला. कुणाच्या तरी फोनवर उत्तराखंडच्या धारीदेवीचा मजकूर फिरत आला: १६ जून २०१३ ला वीजप्रकल्पासाठी देवीची मूर्ती जागेवरून हलवली आणि त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी केदारनाथला प्रलय झाला. खाली लिहिलं होतं, ‘विज्ञानाकडे याचं उत्तर आहे का?’ तो मजकूर चाळीत सगळ्यांनी वाचला, एकमेकांना वाचून दाखवला. तोवर ‘म्हसोबा’ हा शब्द दबक्या आवाजात होता. नंतर तो उघड झाला.

माईंचं म्हणणं स्पष्ट होतं. “त्याची जागा त्याला सोडवत नाही. माणूस हलतो, देव हलत नाही. हलवला तर असं होतं.”

नातवाने कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याचं कळलं ते बऱ्याच उशिरा.

दोन वेगळे प्रश्न

आमच्या गटातल्या एका तरुण कार्यकर्त्याला हे सगळं ऐकून चीड आली. त्याने माईंना पाऊस, माती, उतार असं समजावायला घेतलं. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पाणी मुरलं की माती सुटती, हे मला सांगता व्हय? मी पाटणची हाय. पाऊस चाळीस घरांवर पडला. माझ्याच सुनेवर का पडला दगड, ते सांगा.”

मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल हेच नोंदवलं आहे. धान्याच्या कोठाराखाली दुपारच्या उन्हातून माणसं सावलीला बसतात, एखाद्या दिवशी कोठार कोसळतं आणि माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे प्रत्येक अझांदे जाणतो. त्यात वाद नाहीच. पण हीच माणसं खाली बसलेली असताना, याच घटकेला ते का पडलं? आपण म्हणतो, दोन घटना योगायोगाने एकत्र आल्या. ते म्हणतात, चेटूक. म्हणजे आपण जिथे जागा मोकळी सोडतो तिथे ते उत्तर ठेवतात.

माई नेमक्या त्या मोकळ्या जागेबद्दल विचारत होत्या, आणि आमचा कार्यकर्ता त्यांना वाळवीबद्दल सांगत होता. अंधश्रद्धा दूर करायला निघालेल्या चांगल्या चांगल्या माणसांचं गाडं इथेच अडतं असं मी पाहिलं आहे. ‘कसं झालं’ याचं उत्तर कितीही पक्कं दिलं तरी ‘आम्हीच का’ हा प्रश्न त्याने भागत नाही. त्याला प्रामाणिक उत्तर ‘काही कारण नाही’ एवढंच आहे, आणि तेराव्याच्या आत ते कुणाच्या तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात तरी नाही.

माईंच्या ‘मी पाटणची’ला आणखी एक पदर होता. पाटण कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा त्या लहान होत्या. अंगणात घोंगडीवर बसून काढलेले दिवस त्यांना आठवतात, आणि मोठी माणसं काय म्हणायची तेही: “नदी अडवली, म्हणून भुई हलली.” कोयना धरणात पाणी साठायला लागलं ते १९६२ पासून. जलाशयाच्या पाण्यामुळे खडकातल्या भेगांवरचा दाब बदलून भूकंप होऊ शकतात, आणि त्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आज कोयनेचंच आहे. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं आणि भूकंपशास्त्र, दोन्ही धरणापाशी येऊन थांबले. वाटा अगदी वेगळ्या: एकीकडे नदीचा कोप, दुसरीकडे खडकातलं पाणी आणि ताण. पण ज्या बाईने लहानपणी हे पाहिलंय तिने ‘जुनी माणसं म्हणतात ते अगदीच खोटं नसतं’ अशी खूणगाठ बांधली तर तिला अडाणी कसं म्हणणार?

तिथीचं गणित

अवसेच्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसले, कारण तो सोडवता येण्यासारखा होता. आपल्याकडे दरडी कोसळतात त्या बहुतेक जुलैत. जुलै म्हणजे बहुतेक आषाढ, कधी टोकाला ज्येष्ठ किंवा श्रावण. त्यात देवशयनी एकादशी, गुरुपौर्णिमा, संकष्टी, कामिका एकादशी, दिव्याची अवस. कॅलेंडर भिंतीवरून काढून चाळीतल्या बायांसमोर ठेवलं आणि म्हटलं, या महिन्यातली अशी तारीख दाखवा की जिच्या मागेपुढे दोन-तीन दिवसांत काहीच नाही. शोधूनही फारशी सापडेना. एक जण हसली. “म्हणजे कधीही पडली असती तरी आपण कायतरी काढलंच असतं.”

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पोर्तुगालमधलं लिस्बन शहर १ नोव्हेंबर १७५५ ला उद्ध्वस्त झालं, तो सर्व संतांचा सण होता आणि लोक चर्चमध्ये होते. अशा तारखा मनात रुतून बसतात. साध्या मंगळवारी झालेल्या भूकंपाची तिथी कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून आपल्या आठवणीत सगळ्या आपत्ती सणावारीच झालेल्या असतात. धारीदेवीच्या मजकुरातही हेच गळलं होतं. उत्तराखंडातला तो पाऊस मूर्ती हलवण्याच्या आधीच सुरू झाला होता आणि केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं फुटलं त्यामागे तो पाऊस आणि वितळतं बर्फ होतं.

नियंत्रण हातातून सुटलं की माणसाला नसलेले आकारही दिसू लागतात, असं व्हिटसन आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी २००८ साली प्रयोगांतून दाखवलं. आपल्या हातात काही नाही असं ज्यांना वाटायला लावलं होतं त्यांना पडद्यावरच्या निव्वळ ठिपक्यांमध्ये चित्रं दिसली आणि असंबद्ध घटनांमध्ये संगनमत दिसलं. ते प्रयोग कुठल्याशा उजळ खोलीत झाले. इथे पत्र्यावर धो धो पाऊस, खांबावरची वीज गेलेली आणि मागे डोंगर.

बोट कुणाकडे

अर्थ शोधण्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती त्यातून निघालेल्या बोटाला. म्हसोबा कोपला या वाक्याला कर्ता होता देव, पण कारण होतं वरच्या ओळीतलं एक घर.

रिक्षावाल्या दादांच्या बायकोला सामायिक नळावर पाणी भरताना बाया बाजूला सरकू लागल्या. अंगाला अंग लागू नये इतकंच, भांडण नाही. नवरात्रात त्यांच्या मुलींना घटाच्या आरतीला कुणी बोलावलं नाही. एका सकाळी रिक्षाची सीट ब्लेडने फाडलेली सापडली. दादा एकदा माझ्याकडे तावातावाने म्हणाले, “ताई, देवाला राग आमच्यावर होता ना? मग आमचा फक्त कोपरा पडला. त्यांची सून का नेली? तिने काय केलं होतं?” मी त्यांना म्हटलं, हा प्रश्न बिनतोड आहे. पण चाळीत त्यालाही उत्तर तयार होतं: “देव दुसऱ्याला देऊन शिकवतो.”

आणि मग दादांच्या बाजूच्या लोकांनीही अर्थ काढायला सुरुवात केली. सून भांडखोर होती. माईंनी गावच्या देवीचा नवस फेडलेला नव्हता. जिवंतपणी जिच्याबद्दल कुणी वावगा शब्द बोललं नव्हतं ती बाई मेल्यावर दोन महिन्यांत थोडी वाईट झाली. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एका सहकाऱ्यासोबत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. समोरच्या व्यक्तीला विजेचे झटके बसताहेत असं लोकांना दाखवलं, प्रत्यक्षात झटके नव्हतेच. ज्यांना तो छळ थांबवता येणार नव्हता त्यांनी हळूहळू त्या व्यक्तीलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालतं ही समजूत टिकवायची तर भोगणाऱ्याच्या पदरी काहीतरी पाप असावं लागतं.

या वळणावर मला नेहमी १९३४ चा वाद आठवतो. १५ जानेवारीला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. हेतू किती चांगला! रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापला. रवींद्रनाथांचं म्हणणं होतं की भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात. पण त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक धारदार वाटतो: असा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला जास्त शोभतो, आणि हा कोप गांधी व त्यांच्या अनुयायांमुळेच झाला असं ते म्हणाले असते तरी आश्चर्य वाटलं नसतं. भूकंप कुणाच्याही बाजूने साक्ष देतो. कळव्याच्या चाळीत तो दोन्ही बाजूंनी देत होता.

डोंगराच्या तोंडासमोर

आम्ही ठरवलं की म्हसोबा कोपला की नाही यावर बोलायचंच नाही. विनंतीवरून भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक ऑक्टोबरच्या उघडिपीत आले. भाषण नको, दाखवा, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

ते माई, बुवा, दादा आणि जमेल त्या सगळ्यांना घेऊन उघड्या पडलेल्या उतारासमोर गेले. वर लालसर मुरूम, हाताने चुरा होणारा. खाली काळा, ओला, गुळगुळीत खडक. मधे एक रेघ. पाऊस थांबून कितीतरी दिवस झाले होते तरी त्या रेघेतून पाणी पाझरत होतं, आणि पाझराच्या वाटेवर शेवाळाची हिरवी पट्टी उतरली होती. सरांनी रेघेवर बोट ठेवलं. “पाणी मुरमातून खाली येतं आणि इथे अडतं, खडक पाणी पीत नाही. मग ते मुरमाच्या कणांमध्ये भरतं, त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतं आणि वरचं वजनही वाढवतं. तरी मुरूम बसून राहतो, कारण पायाशी त्याला टेकू असतो.” मग जिथे ओटा होता त्या खड्ड्याकडे त्यांनी हात केला.

दादांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता विज्ञानानेही शिक्का मारला.

पण मग सरांनी प्रत्येकाला विचारलं, पाच वर्षांत या उतारावर काय काय बदललं? सुरुवातीला कुणी बोलेना. नंतर बुवा म्हणाले, वरून येणारं पावसाचं पाणी वळवणारा चर होता, तो राडारोड्याने बुजला. राडारोडा फक्त दादांचा होता का? नाही, शेजारच्या दोन घरांनी मोऱ्या नव्या केल्या तेव्हाची फरशीही त्यातच गेली होती. कुणीतरी सांगितलं, वरच्या ओळीत तीन संडासांचे शोषखड्डे आहेत, त्यांचं पाणी वर्षभर मुरतंच. चाळीने वर्गणी काढून बांधलेल्या पायऱ्या काँक्रीटच्या, त्यावरून पाणी धावतं ते थेट याच कोपऱ्यात. वर गवत जाळतात. एका बाईने हळूच सांगितलं की दरडीच्या आदल्या दिवशी तिच्या मागच्या भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलं होतं आणि दार घासत होतं. तिने ते पावसावर सोडून दिलं. स्वच्छ झरा अचानक गढूळ होणं, दारं-खिडक्या अडकणं, खांब-झाडं कलणं या उतार सुटत असल्याच्या खुणा असतात. त्या खुणा वाचता येणं हासुद्धा निसर्गात अर्थ शोधणंच आहे, आणि हा अर्थ जीव वाचवतो. त्या दिवशी चाळीने तो पहिल्यांदा ऐकला.

माई उठता उठता म्हणाल्या, “म्हणजे म्हसोबाचा ओटाच डोंगराचा टेकू होता.”

माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. माईंची श्रद्धा गेली नाही, जावी असा आमचा प्रयत्नही नव्हता. ‘देवाची जागा हलवू नये’ या जुन्या निर्बंधात ‘हा ओटा खणू नका’ हे ज्ञान कुणीतरी बांधून ठेवलं होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला पुरावा नाही, आणि प्रत्येक रूढीत विज्ञान शोधण्याची खोड मला आवडत नाही. ओट्यावर म्हसोबा बसला कारण ओटा सपाट होता. पण म्हसोबा होता म्हणून ओटा राहिला, हेही तितकंच खरं. आणि एका माणसाकडे रोखलेलं बोट त्या दिवशी एका यादीकडे वळलं, ज्या यादीत जवळजवळ प्रत्येक घर कुठे ना कुठे होतं.

सगळ्यांना ते मानवलं नाही. जे जेवणाला बसले होते आणि ज्यांची फरशी राडारोड्यात होती, त्यांना म्हसोबाचं कारण जास्त सोयीचं होतं. जानेवारीत दादा कुटुंब घेऊन दिव्याला भाड्याने राहायला गेले.

मुलगा

सुनेची झोपायची जागा एरवी दारापाशी. त्या रात्री तिथे पत्रा गळत होता. तिने मुलाला मधल्या कोरड्या जागेत घेतलं आणि स्वतः मागच्या भिंतीला गेली. मुलगा शाळेत गप्प झाला होता, अंथरुणात लघवी करत होता. पुष्कळ दिवसांनी, चित्र काढता काढता, त्याने विचारलं, “मी दारापाशी झोपलो असतो तर आई मधे राहिली असती ना?”

मोठी माणसंही हेच करतात. अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या २९ जणांशी बुलमन आणि वॉर्टमन या संशोधकांनी १९७७ साली बोलून पाहिलं, तेव्हा ‘मीच का’ हा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला विचारलेला होता आणि ज्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता ते उलट बरे सावरलेले दिसले. आपली चूक होती म्हणजे जग निदान आपल्या हातातलं होतं. पण दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आईचा मृत्यू हे असलं समाधान ठेवून चालत नाही.

आम्ही खोलीचा नकाशा काढला. कोण कुठे, किती वाजता, तेव्हा कुणाला काय माहीत होतं. निकाल कळल्यावर तो आधीच दिसायला हवा होता असं वाटणं हा मनाचा जुना दोष आहे, मानसशास्त्रज्ञ फिशहॉफने १९७५ मध्ये तो प्रयोगात पकडला. मुलाला हे नकाशावरून कळलं असावं: त्या रात्री ओलं-कोरडं एवढंच माहीत होतं, दरड कुणालाच माहीत नव्हती. त्याने थोडा विचार करून पुढचा प्रश्न टाकला. “पत्र्याला भोक कुणी पाडलं?” शोध असा लगेच थांबत नसतो. त्याला उत्तर माईंनी दिलं, मी दिलं नाही. “भोक गंजानं पडलं. तुला कोरड्यात घ्यायचं तिनं ठरवलं. त्यात तुझं काय न्हाई.” दरडीला अर्थ नव्हता, आईच्या त्या जागा बदलण्याला होता. दोन्ही वेगळं ठेवायला मुलाला वेळ लागला, अजून पूर्ण जमलेलं नाही.

ज्याने विचारलं नाही

माईंचा मुलगा, म्हणजे गेलेल्या सुनेचा नवरा, तेराव्यानंतर लगेच कामावर गेला. नातेवाईक मला म्हणत, “तो दगड झालाय, त्याला बोलतं करा.” मी बोलायला गेले तेव्हा तो म्हणाला, “का म्हणून विचारून कुणाला उत्तर मिळालंय ताई? मला पोराच्या शाळेचं बघायचंय आणि तहसीलला कागद द्यायचेत.” जवळचं माणूस अचानक गेलेल्यांचा अभ्यास करताना संशोधकांना असे बरेच जण भेटले आहेत जे अर्थ शोधतच नाहीत, आणि ते इतरांपेक्षा वाईट अवस्थेत असतात असं दिसलेलं नाही. हाल होतात ते शोधत राहून न सापडणाऱ्यांचे. त्याला मी सोडून दिलं. कागद भरायला मदत केली.

कागदांत आणखी एक अर्थ दडलेला होता, सरकारी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मृताच्या वारसांना ४ लाख मिळतात ते यादीत असलेल्या आपत्तीसाठी. त्या यादीत दरड आहे, नुसती भिंत पडणं नाही. पंचनाम्यात पहिल्यांदा ‘भिंत कोसळून’ असं लिहिलं गेलं होतं. ते ‘दरड कोसळून’ असं व्हायला खेटे घालावे लागले. पैसे मिळवायचे तर घटना निसर्गाची हवी. उलट संरक्षक भिंत मागायची तर ती माणसाच्या दुर्लक्षाने झाली असं दाखवावं लागतं. लिस्बनच्या भूकंपानंतर तत्त्वज्ञ रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्टेअरला लिहिलं होतं की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एकाजागी निसर्गाने बांधली नव्हती. रूसोला तहसील कार्यालयात अर्ज करायचा नव्हता. माईंच्या मुलाने एकाच आठवड्यात दोन अर्ज दिले, एकात दरड नैसर्गिक होती आणि दुसऱ्यात नव्हती. दोन्ही खरे होते.

पैसे आले. भिंतीच्या अर्जावर जमीन कुणाच्या अखत्यारीत, याचा पत्रव्यवहार चालू आहे.

सद्यस्थिती

यंदा मे महिन्यात चाळीने स्वतः चर उपसला आणि पायऱ्यांच्या पाण्याला बाजूने वाट काढून दिली. भिंतीतून गढूळ पाणी आलं, दार अडकलं तर कुणाला फोन करायचा आणि कुठल्या शाळेत जायचं, ते नळावरच्या फळ्यावर लिहिलं आहे. ओट्याच्या खड्ड्यात दगडांची भर घालून सरांच्या सांगण्याप्रमाणे मूळ धरणारं गवत लावलं आहे. तिथे पुन्हा कुणी खोली काढू नये, यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण एकमताचा भरवसा कुणालाच नाही. माईंचं म्हणणं, म्हसोबाला परत तिथेच बसवा, मग कुणाची कुदळ लावायची छाती होणार नाही. आमच्या गटातला तो तरुण कार्यकर्ता यावर पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत झाला. दादांनी दिव्याहून फोन करून विचारलं की बसवताना नारळ-शेंदराचा खर्च आम्ही दिला तर चालेल का. माईंनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.